‘आमच्या वेळी ऑटिझम नव्हता’ म्हणणाऱ्यांना

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार जणींनी पाठवला आणि चौघींनी खाली एकच विचारलं, “टीचर, हे खरं आहे का?” चौघीही आया. एकाही बाबांनी विचारलं नाही, कारण मेसेजमध्ये बाबांवर काही नाहीच.

मेसेज थोडक्यात असा: ‘आमच्या लहानपणी ऑटिझम नव्हता. आज अमेरिकेत 31 मुलांमागे एक. हे नैसर्गिक नाही. कारणं तीन: लस, गरोदरपणात घेतलेली तापाची गोळी आणि मोबाइल. त्यात आई नोकरीला, मूल पाळणाघरात. तीन महिने मोबाइल बंद करा, मूल आपोआप बोलायला लागेल. डॉक्टर हे सांगणार नाहीत, कारण त्यांचा धंदा आहे.’

मी ठाण्यात सतरा वर्षं विशेष शिक्षिका आहे. ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच वेगळी असणं: बोलणं, माणसांत मिसळणं अवघड जातं आणि ठरलेल्या सवयी मोडवत नाहीत. एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

‘आमच्या लहानपणी ऑटिझम नव्हता’

शब्द नव्हता, हे खरं. माणसं होती.

माझ्या आईचा मामेभाऊ नौपाड्यात राहायचा. आम्ही त्याला अप्पामामा म्हणायचो. जेवताना त्याला स्टीलची तीच एक वाटी लागायची आणि वरण भातावर घातलेलं चालायचं नाही, शेजारी हवं. रोज संध्याकाळी तलावपाळीला एक फेरी. गडकरी रंगायतनपाशी सुरू करायची आणि तिथेच संपवायची. एकदा वाटेतला फुटपाथ खोदून ठेवला होता. दोन पावलं रस्त्यावरून जाऊन पुढे फुटपाथ होता, पण मामा तिथेच कानांवर हात ठेवून खाली बसला आणि आजोबा घ्यायला येईपर्यंत उठला नाही. मी आठ वर्षांची होते, आजोबांचं बोट धरून गेले होते. भोवती जमलेल्या लोकांमधल्या एकाने “दारू प्यायलाय” असं म्हटलेलं मला अजून ऐकू येतं. मामाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

त्याची शाळा चौथीत सुटली. घरात पाहुणे आले की तो कपाटामागे जाऊन उभा राहायचा. घरचे त्याला घुमा म्हणायचे, शेजारचे चक्रम. तो गेला तेव्हा साठीला आला होता आणि तोवर एकाही डॉक्टरने त्याच्याबद्दल काही लिहून ठेवलेलं नव्हतं. आज तो पाच वर्षांचा होऊन माझ्यासमोर बसला असता, तर मी त्याला त्याच दिवशी असेसमेंटला पाठवलं असतं.

घुमा, एककल्ली, चक्रम, तिरसट, माणूसघाणा, मुखदुर्बळ. असे शब्द भाषेत उगाच जमत नाहीत. यातला प्रत्येक जण ऑटिस्टिक होता असं मी म्हणत नाही, पण त्यांच्यात अप्पामामासारखे कितीतरी होते. जी मुलं बोलतच नसत, त्यांच्यावर ‘मतिमंद’ असा एकच शिक्का बसायचा आणि पुढे कुणी बघायचं नाही. दाखवायला न्यायचं तरी कुठे? मुंबईपासून कोकणापर्यंत ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात, ते आमच्या गावातल्या 1901 सालच्या मनोरुग्णालयामुळे. गावाचं नावच असं वापरलं जात असताना आपल्या मुलाला डॉक्टरकडे नेण्याचं धाडस कोण करणार?

पूर्वी ऑटिझम नव्हताच, तर आजच्या पन्नाशी-साठीच्या माणसांमध्ये तो जवळजवळ सापडू नये. इंग्लंडमध्ये 2007 साली घरोघरी जाऊन प्रौढांची पाहणी झाली. प्रमाण निघालं साधारण शंभरात एक, आणि वय वाढलं म्हणून ते कमी झालेलं दिसलं नाही. सापडलेल्यांपैकी बहुतेकांना आपल्याला ऑटिझम आहे हे माहीतही नव्हतं.

‘31 मुलांमागे एक, हे नैसर्गिक नाही’

आकडा खरा आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या मोजणीत 2000 साली आठ वर्षांच्या 150 मुलांमागे एक होतं, 2022 साली 31 मागे एक. प्रश्न असा, की मोजतात कसं? ठरावीक ठिकाणच्या आठ वर्षांच्या मुलांचे दवाखान्यातले आणि शाळेतले कागद वाचून. कागदावर नोंद असेल तर मूल मोजलं जातं. म्हणून 2022 च्या त्याच मोजणीत टेक्सासमधल्या लरेडो या गावात 103 मागे एक मूल निघालं आणि कॅलिफोर्नियात 19 मागे एक. एकच देश, एकच वर्ष आणि पाचपटीहून जास्त फरक. कॅलिफोर्नियात लहान मुलांची तपासणी लवकर आणि भरपूर होते, लरेडोत होत नाही. लस दोन्हीकडे तीच आणि मोबाइलही तेच.

व्याख्याही बदलत गेली. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अकरा मुलांचं वर्णन केलं, तिथून हे निदान सुरू झालं. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा 1980 साली मिळाली. 1994 साली त्यात अस्पर्गर आलं, म्हणजे नीट बोलणारी, अभ्यासात बरी असलेली मुलंही आली. 2013 साली सगळं मिळून ‘स्पेक्ट्रम’ झालं आणि एकाच मुलाला ऑटिझम व एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) ही दोन्ही निदानं देता येऊ लागली. दार रुंद केलं की आत येणारे वाढतातच. डेन्मार्कमध्ये 1980 ते 1991 या काळात जन्मलेल्या मुलांचा अभ्यास झाला, त्यात वाढीतला सुमारे 60 टक्के भाग नुसता निकष बदलल्याने आणि बाह्यरुग्ण विभागातल्या नोंदी मोजायला घेतल्याने आलेला निघाला.

आपल्याकडचं बघा. अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यात तो आहे. प्रमाणपत्र मिळायला लागलं, परीक्षेत सवलत मिळायला लागली, तसे पालक पुढे आले. माझ्याकडे दहा वर्षांचे मुलगे ‘मतिमंद’ असा जुना कागद घेऊन येतात आणि ‘ऑटिझम’ असा नवा कागद घेऊन जातात. मूल तेच असतं.

सगळी वाढ मोजणीचीच आहे का? नाही, तसंही मी म्हणणार नाही. आईवडिलांचं वय जास्त असेल तर शक्यता थोडी वाढते, आणि लग्नं आता उशिरा होतात. सातव्या महिन्यात जन्मलेली बाळं पूर्वी दगावायची, आज एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, घरी येतात. त्यांच्यातही प्रमाण जास्त असतं. पण ही वाढ 150 वरून 31 वर नेणारी नाही.

‘लस’

1998 साली अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने बारा मुलांवरून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीबद्दल शंका उठवली. त्याने मुलांच्या माहितीत फेरफार केल्याचं पुढे उघड झालं. 2010 साली तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख मागे घेतला, त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही रद्द झालं. डेन्मार्कने 6 लाख 57 हजार मुलं तपासली. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक नव्हता. जपानने तर 1993 साली एमएमआर देणंच थांबवलं होतं. त्यानंतरही योकोहामात ऑटिझमची निदानं वाढतच गेली.

मग इतक्या आयांना लसीनंतरच मूल बदलल्यासारखं का वाटतं? त्या खोटं बोलत नाहीत. दीड वर्षाच्या आसपास मुलं शब्द जोडायला लागतात, बोटाने दाखवायला लागतात. ते होत नाहीये, किंवा आलेले शब्द जाताहेत, हे त्याच वयात लक्षात येतं. आणि आपल्या लसीकरणाच्या कार्डावर 16 ते 24 महिने याच रकान्यात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि बूस्टर आहे. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडल्या की मन त्यांची गाठ मारतं. पण संशोधकांनी पहिल्या वाढदिवसाचे घरगुती व्हिडिओ काढून बघितले, तेव्हा पुढे ज्यांना निदान झालं ती मुलं केक कापतानाही हाकेला कमी वळत होती, माणसांच्या चेहऱ्याकडे कमी बघत होती.

इथे एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला माहीत असायला हवी होती. गरोदरपणात आईला रुबेला झाला, तर बाळात ऑटिझमची शक्यता खूप वाढते. 1964 च्या अमेरिकेतल्या रुबेलाच्या साथीनंतर जन्मलेल्या मुलांत ते दिसलं. म्हणजे ऑटिझमच्या ज्या थोड्या कारणांबद्दल आपल्याला खात्री आहे, त्यातलं एक लस घेतल्याने टळतं. आणि 2022 च्या नोव्हेंबरात गोवंडी-भिवंडीकडे गोवराने मुलं दगावली, हे विसरून असले मेसेज पुढे ढकलले जातात याचा मला संताप येतो.

‘तापाची गोळी’

हे सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पत्रकार परिषदेत सांगितल्यापासून पसरलं. स्वीडनमध्ये सुमारे 25 लाख मुलांचा अभ्यास 2024 साली आला. वरवर बघता आईने पॅरासिटामॉल, म्हणजे हीच तापाची गोळी, घेतलेल्यांत किंचित जास्त प्रमाण होतं. मग त्यांनी सख्ख्या भावंडांची तुलना केली, म्हणजे आई तीच, एका गरोदरपणात गोळी घेतलेली, दुसऱ्यात नाही. फरक नाहीसा झाला. गोळी घेऊ नका म्हणून गरोदर बाईला अंगावर ताप काढायला लावणं हेच बाळाला धोक्याचं आहे. एपिलेप्सीसाठीचं, म्हणजे फिट येण्यावरचं, व्हॅल्प्रोएट हे औषध मात्र खरंच धोका वाढवतं. ते चालू असेल तर मनाने बंद करू नका, मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांशी बोला.

‘मोबाइल’ आणि ‘तीन महिन्यांत बोलेल’

मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच, कारण ते अर्धं खरं आहे.

दिवसाचे पाच-सहा तास स्क्रीनसमोर असणाऱ्या मुलाचं बोलणं मागे पडतं. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि पुढे पाच वर्षांपर्यंत तासाभराच्या वर नको, हे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते बरोबर आहे. मोबाइल काढून, घरच्यांनी बोलायला-खेळायला सुरुवात केल्यावर भराभर बोलू लागलेली मुलं मी पाहिली आहेत. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द अशाच मुलांवरून आला. निदानांच्या अधिकृत यादीत तो नाही. या मुलांना स्क्रीनने मागे टाकलं होतं, ऑटिझम झाला नव्हता.

कॅनर यांच्या अकरा मुलांच्या घरी टीव्हीही नव्हते. अप्पामामाच्या घरी फक्त रेडिओ होता. आणि कारण कुठलं, परिणाम कुठला, हा बाण आपण उलटा धरतो. जे मूल आवाजाने घाबरतं, अनोळखी माणसाला बघून किंचाळतं, तासन्‌तास रडतं, ते एकाच गाण्याचा व्हिडिओ लावला की शांत होतं. वन रूम किचनमध्ये एकटी असलेली आई मग काय करेल? त्या मुलाच्या हातात मोबाइल जास्त दिसतो, तो अनेकदा असा आलेला असतो.

गेल्या वर्षी कळव्याची एक आई आली. मुलगा तीन वर्षं आठ महिन्यांचा. दोन वर्षांचा असतानाच तिला शंका आली होती, पण घरच्यांनी असाच एक मेसेज दाखवला. तिने मोबाइल बंद केला, टीव्हीची केबल काढली, नोकरीही सोडली. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे अठरा. दर वेळी कुणी ना कुणी म्हणायचं, अजून पूर्ण बंद केला नसेल तू. माझ्याकडे आली तेव्हा तिने पर्समधून एक वही काढली. रोजचा हिशेब होता: आज शून्य मिनिटं, आज शून्य मिनिटं, आज सासूबाईंनी चार मिनिटं दाखवला. मुलाने त्या दिवशी माझ्या टेबलावरची चाक निघालेली गाडी तासभर फिरवली आणि एकदाही आईकडे वळून पाहिलं नाही. ती दीड वर्षं आम्हाला मिळाली असती, तर त्याला निदान पाणी मागायला शिकवता आलं असतं. चित्राचं कार्ड हातात देऊन का होईना, पण मागता आलं असतं. ते आम्ही आता शिकवतोय.

‘आई नोकरीला, मूल पाळणाघरात’

हा आरोप जुना आहे. 1950-60 च्या दशकात अमेरिकेत थंड, माया न करणाऱ्या आईमुळे मूल असं होतं, हे मोठे मोठे तज्ज्ञ सांगत. एका पिढीतल्या आयांनी ते खरं मानून आयुष्य काढलं. 1977 साली इंग्लंडमध्ये जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगळ्या जुळ्यांच्या 10 जोड्यांत एकाही जोडीत दोघांना नव्हता. घर तेच, आई तीच, फरक जनुकांचा. पाच देशांतल्या 20 लाख मुलांच्या 2019 च्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा 80 टक्क्यांच्या आसपास निघाला. एका मुलाला ऑटिझम असेल, तर पुढच्या भावंडाला असण्याची शक्यता पाचात एकच्या जवळ असते. यात एकच एक जनुक नाही, शेकडो आहेत, आणि ते बापाकडूनही येतात.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द कधीच पटला नाही. मूल स्वतःत मग्न आहे, म्हणजे कुणीतरी हाक मारायला कमी पडलं, असा वास त्याला येतो.

‘डॉक्टरांचा धंदा’

धंदा आहे, पण तो वेगळीकडे. स्टेम सेलची इंजेक्शनं, शरीरातला पारा काढण्याची औषधं, ऑक्सिजनची पेटी: यातल्या कशानेही ऑटिझम जात नाही. एका कुटुंबाने मंगळसूत्र सोडून बाकीचं सगळं सोनं मोडून स्टेम सेलसाठी पैसे भरले, ते पावती घेऊन माझ्यासमोर बसले होते. संशय घ्यायचाच तर ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्याचा घ्या. स्पीच थेरपी, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणूनचा सराव), घरी रोज करायचे खेळ, यात जादू नाही. हळूहळू चालतं.

बाळ वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत बोटाने काही दाखवत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. नवी मुंबईत वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, खारघरला केंद्र सरकारच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या संस्थेचं विभागीय केंद्र आहे. मोबाइल बंद करायचा तर जरूर करा, पण अपॉइंटमेंट घेऊन मग. जायच्या आधी कानांची तपासणी करून घ्या, आणि लसीचं कार्ड सोबत ठेवा, एखादा डोस राहिला असेल तर तोही त्याच फेरीत होईल.