पहिला माईक शेजाऱ्यांना द्या

शोकसभेबद्दल माझं एक ठाम मत झालंय, ते आज लिहूनच टाकते. पहिला माईक शेजाऱ्यांच्या हातात द्यावा, त्यातही बायकांच्या. पाहुण्यांनी मागाहून बोलावं. गेलेल्या माणसाशी ज्यांची ओळख कार्यक्रमापुरतीच होती, त्यांनी त्या दिवशी ऐकायला बसावं.

परवा रविवारी अमळनेरला, जुन्या गिरणी कामगारांच्या आमच्या गल्लीत, जिभाऊंची शोकसभा झाली. दुखवटा संपवणारी गंधमुक्ती आटोपली होती, लेकी सासरी परतायच्या होत्या, म्हणून मंदिराच्या मंडपात सतरंज्या टाकून सगळे जमले. जिभाऊ नात्याने आमचे कुणीच नव्हते. गिरणी सुटल्यावर किराणा दुकानात वह्या लिहायचे. पण आख्खी गल्ली त्यांना ओळखायची ती मरणाच्या घरी सगळ्यात आधी पोहोचणारा माणूस म्हणून.

सुरुवातीला बराच वेळ भाषणं झाली. मनमिळाऊ, परोपकारी, हसतमुख, कधीही न भरून निघणारी हानी. बोलणाऱ्यांच्या मनात आदर होता, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या शब्दांत जिभाऊ कुठे दिसेनात. हसतमुख तर ते मुळीच नव्हते. कपाळावर आठी घालूनच बोलायचे, आणि कमी बोलायचे.

मग मागून एक म्हातारी मावशी उभी राहिली. माईक नको म्हणाली, अहिराणीतच बोलली. "मना मालक गया तवय आंडोर (मुलगा) सुरतले व्हता. घरमा मी एकली. जिभाऊ उनात, काही बोलनात नही. शेजारना घरतून चहा लई उनात नि माले म्हननात, बहीन, दोन घोट पी ले, रात मोठी शे."

एवढंच बोलून ती खाली बसली, आणि मग सभा खरी सुरू झाली.

कुणी सांगितलं, तिरडीचे बांबू कुठून आणायचे, कामट्या किती अंतरावर बांधायच्या, सुतळीचा फास कसा घ्यायचा, हे जिभाऊंना पाठ होतं. अंगाने भारी माणूस असला की ते आडव्या कामट्या वाढवायचे. एक जण म्हणाला, विसाव्याच्या जागी खांदेकरी बदलताना उंचीला उंची जुळवून ते चार जण निवडायचे, म्हणून तिरडी कधी कलली नाही. पावसाळ्यात कोरड्या गोवऱ्या कुणाच्या गोठ्यात सापडतील, हे त्यांना माहीत असायचं. गाडीवर कामाला जाणारा एक पोरगा म्हणाला, माझ्या बापाचं मडकं धरायला माझे हात थरथरत होते, तर जिभाऊंनी मागून माझं मनगट धरून ठेवलं होतं. तो पोरगा बोलताना रडला आणि मंडपातली निम्मी माणसं रडली.

मी बोलले ते कागदांबद्दल. बाबा गेले तेव्हा आईला जिभाऊ म्हणाले होते, "रडाले आख्खा जलम पडेल शे, आधी दाखला काढी ल्या." तेव्हा मला ते कठोर वाटलं होतं. पण त्यांनी गिरणीतल्या सोबत्यांच्या बायकांचे हाल डोळ्यांनी पाहिले होते. 1969च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. आपल्याकडे दहावं, तेरावं, गंधमुक्ती, दारावर येणारी माणसं यांत ते दिवस कधी सरतात ते कळत नाही. 30 दिवस उलटले की वरची परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. दाखला नाही तर बँकेचं खातं अडतं, वारसनोंद अडते, ईपीएस 95ची, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांच्या योजनेची, नवऱ्यामागची पेन्शन अडते. ती पेन्शन किमान 1,000 रुपये महिना आहे. फार नाही, पण आमच्या गल्लीत त्यावर औषधपाणी चालणारी घरं आहेत.

2020च्या उन्हाळ्याची आठवण एका सुनेने सांगितली. जळगाव जिल्ह्यातल्या मृत्यूंची तेव्हा देशभर चर्चा होती, आणि आमचं अमळनेर त्यात होरपळत होतं. अंत्ययात्रेला 20 माणसांची मर्यादा, आणि कोरोनाने गेलेल्याचं तर घरच्यांना धड दर्शनही नाही. तिच्या सासऱ्यांना नेलं तेव्हा गल्लीतली सगळी दारं बंद होती. जिभाऊ मात्र रोज संध्याकाळी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून विचारायचे, "काय लागस?" लागेल ते ओट्यावर ठेवून जायचे. ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या मुलालाही माहीत नव्हती. तो मान खाली घालून ऐकत होता.

हे सगळं पहिल्या भाषणांत का आलं नाही, याचा मी घरी येऊन विचार करत बसले. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत बायका स्मशानात जात नाहीत. त्या दारावर बसायला जातात, आणि गेलेल्या माणसाबद्दलचं खरं बोलणं तिथे होतं. कोणी काय केलं, कधी केलं, कोणत्या रात्री केलं, सगळं. ते ओसरीवरच राहतं. मंडपात येतात ती विशेषणं.

आमच्या गावाला तर हे समजायला अवघड जाऊ नये. साने गुरुजी 1924 ते 1930 इथे प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, वसतिगृह सांभाळायचे. शंभर वर्षं होत आली, तरी अमळनेरमध्ये त्यांच्याबद्दल काय सांगतात? मुलांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे. थोर, महान हे शब्द नंतर येतात. आधी झाडू येतो.

आणि आठवणी सांगण्याचा आणखी एक उपयोग मला त्या मंडपात दिसला. एक माणूस किती कामं करत होता, हे गल्लीला एकत्र पहिल्यांदाच कळलं. भाषणांवरच सभा संपली असती तर पुढच्या मरणाला आम्ही सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिलो असतो. शववाहिनी फोन केला की येते, पण सुरतेहून मुलगा पोहोचेपर्यंत एकट्या बाईजवळ कुणी बसायचं, हे शववाहिनी ठरवत नाही.

म्हणून सभा उठायच्या आधीच तिथे कामं वाटून घेतली. तिरडी बांधायला दोन पोरं तयार झाली, जिभाऊंबरोबर सुतळी धरलेला एक म्हातारा त्यांना शिकवणार आहे. रात्री सोबत बसायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठलं-भाकरीचं बायकांनी घेतलं. कागदांचं काम मी मागून घेतलं.

तर आमच्या भागातल्या सगळ्यांना सांगते. कुणाच्या घरी मृत्यूची नोंद राहिली असेल तर संकोच करू नका. दारिद्र्यरेषेखालच्या घरातलं 18 ते 59 वयाचं कमावतं माणूस गेलं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात, अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. रेशनकार्ड, आधार आणि असतील ते जुने कागद घेऊन संध्याकाळी घरी या. मी अर्ज भरून देईन आणि तहसीलला बरोबरही येईन.