‘आत बाबासाहेबांचं काहीच नाही’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आमच्या लंडन पायी सहलीला तुम्ही दोन स्टार दिलेत. तक्रारी तीन: १०, किंग हेन्रीज रोडच्या संग्रहालयात बाबासाहेबांचं मूळ सामान नाही, इतक्या श्रीमंत गल्लीत राहणारा विद्यार्थी तंगीत कसा, आणि गाइडने दारात बोलू दिलं नाही.

सामानाचं सांगतो. १९२१-२२मध्ये बाबासाहेब इथे भाडेकरू होते. अशा जागेत पलंग-कपाट घरमालकाचं असायचं; भाडेकरू पुस्तकं-कपडे घेऊन निघे. पुढे नव्वदहून जास्त वर्षांनी, २०१५ साली, महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं. मधल्या काळातलं सामान मिळणार कुठून? त्यामुळे आतली मांडणी नव्याने केलेली आहे, आणि गाइड हे आत शिरण्याआधीच सांगतो.

गल्लीच्या श्रीमंतीचा प्रश्न मात्र चांगला आहे. ही जमीन ईटन कॉलेज या प्रसिद्ध इंग्लिश शाळेच्या चॉकॉट्स इस्टेटची. कॉलेजचे संस्थापक इंग्लंडचे राजे सहावे हेन्री, म्हणून रस्त्याचं हे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे खाऊन-पिऊन सुखी कुटुंबांसाठी घरं उठली. पहिल्या महायुद्धानंतर अशी घरं नोकरचाकरांनिशी चालवणं अनेकांना परवडेना आणि लंडनभर खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. बाबासाहेब १९२०मध्ये शिक्षण पुरं करायला लंडनला परतले ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातली शिल्लक आणि शाहू महाराजांची मदत घेऊन. एवढ्याच पैशांत एमएस्सी (१९२१), बॅरिस्टरी (१९२२) आणि रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डीएस्सी (१९२३). आज तिथे दिसतात ते घरांचे भाव आजचे. त्यावरून १९२१चा हिशेब लागत नाही.

दारातली शांतता हा आमच्या गाइडचा तुसडेपणा नव्हे. राहत्या घराचं संग्रहालय करायला कॅम्डन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, २०१८मध्ये परवानगी नाकारली. राहण्याची जागा घटते हे कारण, शिवाय शेजाऱ्यांची वर्दळीबद्दल, आवाजाबद्दल ओरड. २०१९मध्ये सार्वजनिक चौकशी झाली आणि मार्च २०२०मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी परवानगी दिली. दोन्ही बाजूंना लोक राहतात. म्हणून माहिती आम्ही जवळच्या प्रिमरोज हिल या टेकडीवर देतो आणि सहा-सहा जणांनी आत जातो. हे बदलणार नाही.

वापरातल्या वस्तूच पाहायच्या असतील तर लंडनचं तिकीट नको. नागपूरजवळच्या चिचोलीचं शांतिवन गाठा. बाबासाहेबांचे कोट, टाइपरायटर तिथे जपले आहेत. मुंबईत असाल तर दादरच्या हिंदू कॉलनीतलं त्यांचं घर, राजगृह, आहेच.