उत्पन्न वाढलं, मग तक्रार कसली? – एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या कारभारावर मी लिहिलेल्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हे स्वतंत्र लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. क्लबचं मालक असलेलं अमेरिकन ग्लेझर कुटुंब आणि त्यांच्या वतीने क्लब चालवणारे एड वुडवर्ड यांच्या नावाने बोटं मोडणारे चाहते पराभवाचा राग मालकांवर काढतात. क्लब जिंकत होता तेव्हा सगळे गप्प होते. वुडवर्डनी प्रायोजकांकडून पैसा आणला आणि खेळाडूंवर तो सढळ हाताने खर्चही केला, मग महत्त्वाकांक्षा नव्हती असं कसं म्हणता? 2024-25 च्या हंगामात पंधराव्या क्रमांकावर राहूनही क्लबने 66.65 कोटी पाउंडांचं विक्रमी उत्पन्न मिळवलं, याहून चांगलं व्यावसायिक नेतृत्व कोणतं? निदर्शनांनी साधलं काय? खरा फटका तिकीट काढणाऱ्याला बसतो, पुण्यात बसून टीव्हीवर सामने बघणाऱ्यांनी हिशेब मागू नये. आणि शेवटी, एवढं खुपतं तर दुसरा क्लब धरा.

आधी 'जिंकताना सगळे गप्प होते' हा मुद्दा घेतो, कारण तो सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. मे 2005 मध्ये माल्कम ग्लेझरनी क्लब ताब्यात घेतला, त्याच उन्हाळ्यात काही समर्थक बाहेर पडले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. प्रत्येक सभासदाला एक मत. सुरुवात इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीपासून. ही माणसं काही पराभवाला कंटाळून गेली नव्हती. वर्षानुवर्षं जपलेली सीझन तिकिटं त्यांनी सोडली, आणि पुढच्या तीन वर्षांत रोनाल्डो-रूनीच्या संघाने दोनदा लीग आणि एकदा चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वोच्च स्पर्धा जिंकली ती त्यांच्या पाठीमागे.

दुसरी लाट आली ती 2010 च्या जानेवारीत. क्लब तेव्हा 2007, 2008 आणि 2009 असा सलग तीनदा लीग विजेता होता. ग्लेझरनी सुमारे 50 कोटी पाउंडांचे कर्जरोखे बाजारात आणले, त्यासाठीची कागदपत्रं जाहीर झाली आणि क्लबच्या डोक्यावर नेमकं किती ओझं आहे हे लोकांना पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. त्यानंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या लाल स्टँडमध्ये मालकांच्या निषेधाची खूण म्हणून हिरवे-सोनेरी मफलर दिसू लागले. 1878 मध्ये हा क्लब न्यूटन हीथ नावाने सुरू झाला, तेव्हाचे ते रंग. मार्चमध्ये मिलानकडून खेळायला आलेल्या, युनायटेडच्याच जुन्या खेळाडूने, डेव्हिड बेकहॅमने सामना संपल्यावर मैदानातून बाहेर जाताना तसाच एक मफलर उचलून गळ्यात घातला. युनायटेडने त्या रात्री मिलानला 4-0 हरवलं होतं. हरल्याचा राग म्हणावा, तर तो त्या रात्री आला कुठून?

त्या ओझ्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही. ग्लेझरनी क्लब घेतला तो सुमारे 79 कोटी पाउंड किंमत धरून. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे कर्जाऊ होते, आणि त्या कर्जाचा मोठा भाग तोवर कर्जमुक्त असलेल्या क्लबच्याच मालमत्तेवर चढवला गेला. वाड्यातल्या भाडेकरूंच्या नावावर कर्ज काढून वाडा विकत घ्यावा, तसा हा व्यवहार. उरलेलं कर्ज हेज फंडांकडून, म्हणजे चढ्या परताव्यासाठी जोखीम घेणाऱ्या खासगी गुंतवणूक फंडांकडून घेतलेलं, आणि त्याच्या व्याजाचा दर 2010 मध्ये 16.25 टक्क्यांवर गेला होता. 2012 मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात 14 डॉलरला एक असे शेअर विकले, तेव्हा विक्रीचे निम्मे पैसे कर्ज फेडायला गेले आणि निम्मे ग्लेझर कुटुंबाकडे. कुटुंबाने स्वतःकडे ठेवलेल्या शेअरना दहापट मतं. पुढे 2015-16 पासून काही वर्षं नियमित लाभांशही निघाला. हे सगळं कायद्यात बसणारं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण 'कमाई वाढली' असं म्हटल्यावर ती कमाई गेली कुठे हे विचारणं चाहत्याचं कामच आहे.

आता वुडवर्ड. त्यांच्यावर वैयक्तिक राग काढू नये हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. 2020 च्या जानेवारीत काही लोक त्यांच्या घरावर चालून गेले आणि फ्लेअर (पेटत्या नळकांड्या) फेकले, ते निषेधार्हच होतं. माझा मुद्दा त्यांना कोणत्या खुर्चीवर बसवलं याबद्दल आहे. जेपी मॉर्गनमध्ये असताना ग्लेझरना क्लबच्या खरेदीत सल्ला देणारे ते बँकर. 2007 पासून त्यांनी क्लबचा व्यापारी विभाग सांभाळला आणि तिथे ते खरोखर हुशार होते. तोवर एका जर्सीमागे एक प्रायोजक असा व्यवहार असायचा. त्यांनी लंडनच्या मेफेअरमधून विक्रीचं वेगळं पथक चालवलं आणि देशादेशाला, धंद्याधंद्याला वेगळा भागीदार मिळवला. जपानी ट्रॅक्टर, मलेशियाचे बटाटा चिप्स, चिलीची वाइन, आपल्याकडचं अपोलो टायर्स. हे काम सोपं नव्हतं आणि मी त्याला कमी लेखत नाही.

मग 2013 च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक सर ॲलेक्स फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल दोघे एकाच वेळी गेले, आणि खेळाडू कोण घ्यायचे, कितीला घ्यायचे, प्रशिक्षक कोण, हे ठरवायची जबाबदारी वुडवर्डकडे आली. पहिल्याच खरेदी-हंगामात काय झालं ते पाहा. मारुआन फेलायनी या खेळाडूच्या एव्हर्टन क्लबबरोबरच्या करारात असं कलम होतं की 31 जुलैपर्यंत कोणी सुमारे 2.35 कोटी पाउंड मोजले तर क्लबला त्याला सोडावंच लागेल. नवे प्रशिक्षक डेव्हिड मॉइस अकरा वर्षं एव्हर्टनमध्ये काढून आले होते, म्हणजे फेलायनी त्यांना नवखा नव्हता. 31 जुलै उलटली. ऑगस्टमध्ये युनायटेडने फेलायनी आणि त्याचा सहकारी लेटन बेन्स या दोघांसाठी मिळून 2.8 कोटी देऊ केले, एव्हर्टनने ते अपमानास्पद म्हणून फेटाळले. शेवटी खेळाडू-खरेदीची मुदत संपायच्या रात्री एकट्या फेलायनीला 2.75 कोटींना घेतलं. महिन्याभरापूर्वी जो 40 लाख पाउंड कमी देऊन मिळाला असता, तोच खेळाडू. लीग विजेता संघ त्या हंगामात सातवा आला.

खर्च केला म्हणजे महत्त्वाकांक्षा होती, हे तुमचं म्हणणं मला इथेच पटत नाही. 2014 मध्ये आंखेल दी मारियाला जवळपास 6 कोटी पाउंडांना, ब्रिटिश विक्रम मोडून आणलं आणि वर्षभरात तोट्यात विकलं. 2016 मध्ये पॉल पोग्बा 8.9 कोटींना, तेव्हाचा जागतिक विक्रम. हाच मुलगा चार वर्षांपूर्वी याच क्लबमधून जवळजवळ फुकट युव्हेंटसला गेला होता, आणि 2022 मध्ये करार संपल्यावर पुन्हा फुकटच गेला. 2018 मध्ये अलेक्सिस सान्चेझला डोळे दिपवणारा पगार. प्रत्येक प्रशिक्षक आपल्या पद्धतीचे खेळाडू मागायचा, पुढचा येऊन ते काढायचा. फुटबॉलची दिशा ठरवणारा फुटबॉल संचालक क्लबने पहिल्यांदा नेमला मार्च 2021 मध्ये, फर्ग्युसन गेल्यानंतर जवळपास आठ वर्षांनी. जर्सीचे करार करायला मेफेअरमध्ये अख्खं पथक, आणि ती जर्सी घालून कोण खेळणार हे ठरवायला तशी कोणतीही व्यवस्था नाही. महत्त्वाकांक्षा कुठे होती ते यात स्वच्छ दिसतं.

मे 2018 मध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना वुडवर्ड म्हणाले की मैदानावरच्या कामगिरीचा व्यापारी बाजूवर फारसा परिणाम होत नाही. त्यांनी अप्रामाणिकपणे म्हटलं असं मला वाटत नाही. भागधारकांना दिलासा देणारं ते विधान होतं. पण क्लबच्या स्वतःच्या कागदांनी ते खोडून काढलं. 2015 पासूनच्या आदिदासच्या दहा वर्षांच्या, 75 कोटी पाउंडांच्या करारातच लिहिलेलं होतं की सलग दोन हंगाम चॅम्पियन्स लीग हुकली तर रक्कम 30 टक्क्यांपर्यंत कापली जाईल. म्हणजे पैसे देणाऱ्याला माहीत होतं की तो विजय विकत घेतोय. व्यापारी उत्पन्नाचे आकडे बघा: 2012-13 मध्ये 15.24 कोटी, 2016-17 मध्ये सुमारे 27.5 कोटी, आणि 2018-19 मध्येही तेच 27.5 कोटी. फर्ग्युसनच्या काळातली पुण्याई वापरून करार झाले तोवर आलेख चढला, मग तो सपाट झाला. त्याच काळात लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी वर आले ते आधी मैदानावर.

शेव्हरले या मोटारींच्या ब्रँडबरोबरच्या करारावर जरा थांबतो, कारण तो आमच्या घराजवळून गेला. 2012 मध्ये सही झाली, 2014 पासून सात हंगाम जर्सीवर नाव, सुमारे 56 कोटी डॉलर. डिसेंबर 2013 मध्येच शेव्हरलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने जाहीर केलं होतं की शेव्हरलेच्या नेहमीच्या गाड्या युरोपातून काढून घेणार. म्हणजे ज्या मँचेस्टरमध्ये ती जर्सी घालून पोरं शाळेत जायची, तिथे ती गाडी विकतही मिळणार नव्हती. जाहिरात इतर देशांतल्या, म्हणजे आपल्यासारख्यांच्या डोळ्यांसाठी होती. मग 2017 अखेर कंपनीने भारतातली विक्रीही बंद केली. आमच्या तळेगावचा कारखाना निर्यातीवर चालू राहिला आणि 2020 च्या डिसेंबरात तिथलं उत्पादन थांबलं. त्या हंगामात युनायटेडच्या छातीवर शेव्हरलेचा सोनेरी क्रॉस अजून होता आणि इथे कामगारांची गेटवर आंदोलनं चालू होती.

म्हणून 'पुण्यात बसून हिशेब मागू नये' हे वाक्य मला मान्य नाही. 2012 मध्ये क्लबने कँटार या संस्थेकडून पाहणी करवून घेतली आणि जगभरात आपले 65.9 कोटी पाठीराखे आहेत, त्यातले 32.5 कोटी आशिया-प्रशांत भागात, असा आकडा प्रायोजकांसमोर ठेवला. त्या आकड्यात तुम्ही आहात, मी आहे, रात्री साडेबाराला आवाज बारीक करून सामना बघणारा प्रत्येक जण आहे. आम्हाला मोजून करार करायचे आणि आम्ही प्रश्न विचारला की 'तुम्ही तिकीट कुठे काढलंय' म्हणायचं, हे बरोबर नाही.

तरीही खरा फटका तिकीट काढणाऱ्यालाच बसतो, हे तुमचं बरोबर आहे. त्याचं काय झालं ते सांगतो. 2024 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योगपती सर जिम रॅटक्लिफनी 27.7 टक्के वाटा घेतला आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे गेला. मला त्या वेळी मनापासून आशा वाटली होती. त्या वर्षी नोव्हेंबरात, हंगाम निम्मा उलटायच्या आत, उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट 66 पाउंड झाला. आधी सदस्याला 40 पाउंडांपासून आणि मुलाला 25 पाउंडांपासून तिकीट मिळायचं; त्या हंगामात मुलांना आणि पेन्शनरांना सवलतच उरली नाही. सुमारे 250 नोकऱ्या गेल्या, पुढच्या फेब्रुवारीत आणखी 150 ते 200 जाणार असं जाहीर झालं. ओल्ड ट्रॅफर्डमधलं कर्मचाऱ्यांचं कँटीन बंद करून त्यांना जेवणाऐवजी फळं द्यायचं ठरलं. आणि याच काळात जुलैमध्ये करार वाढवून दिलेल्या प्रशिक्षक टेन हागना ऑक्टोबरमध्ये काढणं, आणि पाच महिन्यांत क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ यांची रवानगी करणं, याला एकत्रित 1.45 कोटी पाउंड लागले. 66 पाउंडांना किती तिकिटं विकली की एवढी रक्कम उभी राहते याचा हिशेब तुम्हीच करा.

तुम्ही अभिमानाने दिलेला तो 66.65 कोटींचा आकडा त्याच हंगामाचा आहे. लीगमध्ये पंधरावा क्रमांक, बिल्बाओला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून हार, वर 3.3 कोटींचा तोटा. विक्रमी उत्पन्नाच्या क्लबला म्हाताऱ्यांची सवलत परवडली नाही, हे चांगल्या नेतृत्वाचं लक्षण मी कसं मानू? त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर पाऊस कोसळला आणि छतातून धबधब्यासारखं पाणी स्टँडमध्ये आलं. स्टेडियमचं शेवटचं मोठं काम 2006 चं.

मालक अमेरिकन आहेत म्हणून हा विरोध आहे, असंही तुम्ही सुचवलंय. तसं नाही. लिव्हरपूलचेही मालक अमेरिकन. 2016 च्या फेब्रुवारीत त्यांनी नव्या स्टँडचं सगळ्यात महाग तिकीट 77 पाउंड केलं, तेव्हा सुंदरलंडविरुद्ध 77 व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून बाहेर गेले. संघ तेव्हा 2-0 पुढे होता. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली, दर मागे घेतले. त्यांनी व्यापार व्यापाऱ्यांकडे ठेवला आणि खेळाडूंची निवड मायकेल एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे.

निदर्शनांनी काय साधलं, या प्रश्नाचं उत्तरही द्यायला हवं. एप्रिल 2021 मध्ये युनायटेडसह युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेची, सुपर लीगची, घोषणा झाली आणि दोन-तीन दिवसांत ती कोसळली ती रस्त्यावर आलेल्या समर्थकांमुळे. त्या गोंधळात वुडवर्ड यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. 2 मे रोजी लोक ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. पण वुडवर्ड यांच्या जागी जे आले ते रिचर्ड आर्नल्ड, म्हणजे पुन्हा व्यापारी विभागातलाच माणूस, आणि चाहत्यांना समभाग देण्याची जी योजना तेव्हा बोलली गेली ती कागदावरच राहिली. क्लबमध्ये फारसं बदललं नाही. ब्रिटिश संसदेत मात्र बदललं: त्या उद्रेकानंतर खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि जुलै 2025 मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला. आता स्वतंत्र नियामक आहे, आणि क्लबचं बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर समर्थकांना विचारावं लागेल. कर्ज काढून क्लब विकत घेण्यावर त्या नियामकाने किती कडक राहावं, यावर तिथल्या समर्थक संघटना अजून भांडताहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे.

'एवढं खुपतं तर दुसरा क्लब धरा' हे तुमचं शेवटचं वाक्य. 2005 मध्ये ज्यांनी तसं केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मी राहिलोय, आणि राहून विचारत राहणार. 2016-17 ते 2018-19 मधल्या त्या सपाट आकड्यांचं तुमच्याकडे काही वेगळं स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा. आदिदासच्या कलमाबद्दलही.