न मागितलेली वाटी

चार दिवस झाले, तरी ते एक हजार तीनशे वीस येन माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. रक्कम मोठी नाही, आपल्या हिशेबाने साडेसातशे रुपयांच्या आसपास. पण ती ज्या पदार्थासाठी मोजली तो आम्ही मागवलाच नव्हता, आणि ती मोजताना माझी जी शोभा झाली ती सासऱ्यांच्या देखत झाली.

सासरे, म्हणजे नाना, महिनाभरासाठी आमच्याकडे तोक्योत निशि-कासाईला आले आहेत. बँकेत त्यांनी आयुष्यभर इतरांच्या शाखांची तपासणी केली आणि निवृत्तीनंतर ती सवय घरी आणली. शनिवारी त्यांना इझाकाया, म्हणजे जपानी पद्धतीची खाण्यापिण्याची बैठी जागा, दाखवावा, थोडे थोडे चार पदार्थ मागवावेत आणि परतताना आइस्क्रीम खावे, इतकाच बेत होता. दारावरचा पडदा सारून आत शिरताच सगळे नोकर एकसुरात ओरडले तेव्हा नाना दचकले, पण गरम ओल्या टॉवेलने हातांबरोबर मानही पुसून झाल्यावर खुलले. मेनू उघडण्याआधीच आम्हा तिघांपुढे नैवेद्याला शोभतील एवढ्याशा तीन वाट्या आल्या. त्यांत किरिबोशी दाइकोन होते, म्हणजे उन्हात वाळवलेला मुळ्याचा कीस गाजराबरोबर शिजवलेला. “ही तर आपली वाळवणेच की,” असे म्हणत शुद्ध शाकाहारी नानांनी वाटी चाटूनपुसून संपवली. तो कीस ज्या पाण्यात शिजवतात त्यात बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, हे मला आठवेपर्यंत वाटी रिकामी झाली होती आणि मग सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता.

बिल आल्यावर नानांनी चष्मा लावला. अक्षरे कळत नसली तरी आकडे जगभर सारखेच असतात.

“जावईबापू, हे तिघांचे चारशे चाळीसप्रमाणे कशाचे लावले आहेत?”

“त्या वाटीचे, नाना. तिला ओतोशी म्हणतात.”

“मागवली कोणी?”

“कोणीच नाही. बसले की ती आपोआप येते.”

“आपोआप येतो त्याला प्रसाद म्हणतात. प्रसादाचे बिल होत नाही. विचारा त्यांना.”

ओतोशी म्हणजे खरे तर जागेचे भाडे. माणशी तीनचारशे येन लावायचे, आणि नुसते भाडे घेणे बरे दिसत नाही म्हणून सोबत एक वाटी द्यायची. काही दुकानांत सुरुवातीलाच नको म्हटले तर चालते. खाऊन झाल्यावर अर्थातच नाही. मी बिल आणणाऱ्या कोवळ्या पोराला जपानीत म्हणालो, की आमच्या वडिलांना तुमचा मुळा फार आवडला. त्याने कमरेत वाकून आभार मानले.

“काय म्हणाला?”

“धन्यवाद म्हणाला.”

“मी आक्षेप नोंदवला आणि तो धन्यवाद म्हणाला?”

येथे शेजारच्या गृहस्थांनी प्रवेश केला. साठीचे वय, सैल केलेला टाय, पुढे व्हिस्की-सोड्याचा निदान तिसरा पेला. त्यांनी आमच्या बिलावर बोट ठेवले, मग तेच बोट हवेतून हळूहळू नेत भिंतीवरच्या एका उभ्या पाटीवर रोखले. कुंचल्याचे वळसे दिलेली ती अक्षरे मी आतापर्यंत सजावट समजत होतो. जपानीची एन-२ परीक्षा मी पुण्यातून उत्तीर्ण झालो आहे. लग्न ठरवताना तिचे प्रमाणपत्र नानांनी उजेडात धरून पाहिले होते. त्या गृहस्थांनी मला बालवाडीत घातल्याप्रमाणे वाचून दाखवले, “ओ… तो… शि.” नानांनी तो शब्द स्वच्छ उच्चारात म्हणून दाखवला आणि त्याबद्दल त्यांना टाळ्या मिळाल्या. पुढचा संवाद माझ्यावाचून झाला. नानांनी मराठीत विचारले, की तुम्ही रोजचे गिऱ्हाईक, मग तक्रार का करत नाही? गृहस्थांनी आपली रिकामी वाटी टेबलावर पालथी घातली आणि उसासा टाकून म्हणाले, “शोगानाइ.” याचा अर्थ ‘इलाज नाही’ असा होतो, पण नानांनी त्यातले ‘नाइ’ तेवढे उचलले. “बघा, नाही म्हणताहेत. यांनाही मान्य नाही.” मग दोघांनी बराच वेळ हस्तांदोलन केले आणि पैसे मी भरले.

मला राग कशाचा येतो, तर भांडायला जागाच न ठेवण्याचा. पुण्यात कांदा-लिंबाचे वेगळे पैसे पडत असतील तर तशी पाटी नाकासमोर असते, वर “वाचता येत नाही का?” असे विचारणारा मालकही असतो, आणि दहा मिनिटे तोंडाचा पट्टा सोडून, पैसे भरूनसुद्धा माणूस समाधानाने घरी जातो. येथे समोरचा वाकलेला असतो. वाकलेल्या माणसाच्या टाळूशी कसे भांडणार?

वाटेत आइस्क्रीम घेताना नानांचे मन वळवावे म्हणून मी त्यांना ‘गारिगारी-कुन’ या कांडीची गोष्ट सांगितली. 2016 मध्ये तिची किंमत 25 वर्षांनी प्रथमच वाढली, 60 येनांवरून 70, आणि त्या दहा येनांसाठी कंपनीची वरिष्ठ मंडळी कर्मचाऱ्यांसह जाहिरातीत रांगेने वाकून उभी राहिली. नाना म्हणाले, “म्हणजे पैसे त्यांनीही घेतलेच.”

गेलेली पत सावरण्याची शेवटची संधी मी कपाच्या वेष्टनावर शोधली. येथे आइस्क्रीम म्हणवून घ्यायला दुधाचे घन घटक किमान 15 टक्के आणि त्यात स्निग्धांश 8 टक्के लागतो. आमच्या कपावर ‘लॅक्टो आइस’ असे छापलेले होते, ज्याला दुधाचे 3 टक्के घन घटक पुरतात. मी हे विजयी स्वरात वाचून दाखवले. नानांनी चमचा न थांबवता माझ्याकडे पाहिले.

“मुंगीएवढे वाचता येते तुम्हाला. भिंतीवरचे हातभर अक्षर तेवढे दिसत नाही.”

सौभाग्यवती इतकी हसली, की तिला रस्त्याकडेच्या कठड्याचा आधार घ्यावा लागला.

काल रात्री पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. नानांनी त्या मुळ्याच्या वाळवणांचे एवढे कौतुक केले आहे, की त्यांनी मुळे किसून गच्चीवर पसरलेसुद्धा. ती शिजवतात कशात, एवढेच त्यांना विचारायचे होते. नाना समोरच बसले होते.

“पाण्यात,” मी म्हणालो.