टीप उसवलेली नाही, कापड फाटलंय

ताई, नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. रंगमंचावर प्रयोग चालू असताना मी शिवलेला पोशाख काखेत फाटला आणि तुम्हाला तशाच अवस्थेत शेवटपर्यंत उभं राहावं लागलं, याचं खरंच वाईट वाटलं. पोशाख एक दिवस उशिरा दिला, तेही कबूल. माफी मागते.

पण ‘कच्ची शिलाई, पहिल्याच प्रयोगात उसवली’ असं जे लिहिलंयत, ते मात्र जिव्हारी लागलं. तुम्हीच टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. टीप जागच्या जागी आहे. इंचाला 12 टाके, टीप दोनदा मारलेली, वर ओव्हरलॉक, म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेली शिलाई. गेलंय ते टिपेच्या शेजारचं कापड. उसवणं वेगळं, फाटणं वेगळं, आणि माझं पोट त्या फरकावर आहे.

कापड तुमचं होतं, रेयॉन. 4 मीटर लांब बाह्या मागे लोळत आल्या पाहिजेत म्हणून तुम्ही ते निवडलंत. लोळतं सुंदर, नाही म्हणत नाही. मी सुती सुचवलं तर ‘ताठ दिसेल’ म्हणालात. बरं. पण त्या बाह्या पाण्याच्या घमेल्यात बुडवून ओढत न्यायच्या आहेत, हे मला तुमचा रिव्ह्यू वाचून कळलं! मला सांगितलं होतं, ‘नुसतं संथ चालायचंय.’ रेयॉन भिजलं की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. सुती कापड उलट भिजल्यावर जास्त ओढ सोसतं. त्यात पाणी प्यायलेल्या बाहीचं सगळं ओझं काखेवर. हात वर जावा म्हणून तिथे चौकोनी कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घातली होती, तिच्या कोपऱ्यातूनच फाटत गेलंय. कोपरा नाजूक असतो हे मला ठाऊक आहे, आतून अस्तराचा तुकडा लावायला हवा होता. तेवढी चूक माझी.

ट्रायलला दोनदा बोलावलं, एकदा आलात. ‘हात वर करून बघा’ म्हटलं तर फोनवरून नजर न काढता ‘असू दे, बसतंय’ म्हणालात. उशिराचं म्हणाल तर बाह्या आधी 3 मीटरच्या ठरल्या होत्या. चौथा मीटर शेवटच्या आठवड्यात वाढला, तो जोडून पुन्हा सगळी किनार दुमडायला रात्र गेली. हे तुमच्या रिव्ह्यूत नाही.

तुमचा रिव्ह्यू आल्यापासून दोघा गिऱ्हाइकांनी ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवलाय. मी एकटीच बेतते, एकटीच शिवते, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. यापुढे माप घेताना पाणी, रंग, माती काय काय लागणार तेही विचारून घेईन. पोशाख घेऊन या, दोन्ही काखा सुती कापडात नव्याने बसवून देते, शिलाई घेणार नाही. फक्त या वेळी हात वर करून दाखवा.