‘मुलीला पूर्ण मोकळीक आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या न्यू जर्सीतील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटावर एक स्थळ आले: मुलगा अमेरिकेतील नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर, डिसेंबरमध्ये तीन आठवडे पुण्यात, मुलगी उच्चशिक्षित हवी. खाली एका काकांनी लिहिले, ‘हल्ली निवड मुलींचीच असते.’ त्यावर अंगठ्यांची रांग लागली आणि माझे डोके फिरले.

माझी मावसबहीण सांगलीची, बीडीएस झालेली. २०११ मध्ये तिचे लग्न ठरले तेव्हा तिच्यावर कोणीही जबरदस्ती केली नाही. पत्रिका जुळली, चहापोहे झाले, होकार तिने स्वतः दिला. मात्र एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर तिला नोकरी करता येणार नाही, नोकरी-व्यवहारांना इथे लागणारा सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळणार नाही आणि भारतातील पदवीवर इथे दात तपासण्यासाठी परवाना मिळवायचा तर आधी पुन्हा दोन-तीन वर्षे महागडे शिक्षण घ्यावे लागेल, हे त्या बैठकीत एकाही वडीलधाऱ्याने उच्चारले नाही. मुलाचा पगार मात्र सर्वांना डॉलरमध्ये आणि रुपयांमध्येही तोंडपाठ होता.

तिचा नवरा चांगला आहे, हे मी लिहिलेच पाहिजे. तिच्या बाबांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे पाठवायचे होते तेव्हा त्याने एका शब्दानेही काही न विचारता ते पाठवले. त्या रात्री ती माझ्याशी फोनवर बोलताना रडली. तो नाही म्हणाला असता तर भांडता तरी आले असते, असे ती म्हणाली.

मे २०१५ पासून एच-४वरील काही जोडीदारांना काम करण्याची परवानगी मिळू लागली, पण त्यासाठी बहुतेकदा आधी नवऱ्याचा आय-१४० मंजूर व्हावा लागतो. म्हणजे बायकोने काम करावे की नाही, हे नवऱ्याच्या कंपनीच्या अर्जावर ठरते. घटस्फोट झाला तर एच-४ हा दर्जाच संपतो. अशा बाईला ‘पटत नसेल तर सोडून दे’ असा सल्ला देणाऱ्या मैत्रिणींनी तिने सोडून जायचे कुठे, हेही सांगावे.

प्रेमविवाह करून आलेल्या मुलीलाही हाच व्हिसा मिळतो, हे मान्य. पण मुलाला चार प्रश्न विचारायला तिच्याकडे तीन आठवड्यांहून अधिक वेळ असतो. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अनिवासी भारतीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याची शिफारस केली, तेव्हा आमच्याकडे ‘ते पंजाबकडचे प्रश्न’ म्हणून तो विषय संपला. फसवणूक झाली, बायकोला टाकून दिले, असे काही घडले तरच आपण त्याला अन्याय म्हणणार. सज्जन नवऱ्याच्या घरात विझत गेलेली दंतवैद्य आपल्या हिशेबातच नसते.

बहीण आता दातांच्याच दवाखान्यात काम करते, विम्याची बिले तपासण्याचे. ती खूश आहे का, हे मी विचारत नाही. तिने विनोद करून विषय टाळलेला मला ऐकवत नाही.

काका वाईट नाहीत. त्यांनी मला गरम डबे पोहोचवले आहेत, त्यामुळे गटावर मी त्यांना काही बोलले नाही. त्या मुलाच्या आईला मात्र मी मघाशीच फोन केला. येणाऱ्या मुलीच्या शिक्षणाची फी कोण भरणार आणि पहिल्याच महिन्यात संयुक्त बँक खाते उघडणार का, असे दोन प्रश्न विचारले. ‘ते लग्न झाल्यावर बघू,’ असे त्या म्हणाल्या. हे स्थळ मी कोणालाही सुचवणार नाही.