नवरा-बायकोचा अमेरिकन व्हिसा 'हव्या त्या देशातून' भरता येतो? त्या मेसेजचा समाचार

दुबई, सिंगापूर, लंडनच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. मजकूर साधारण असा: नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल आणि तुम्ही तिसऱ्याच देशात राहत असाल, तर तिथल्या अमेरिकन वकिलातीत थेट अर्ज टाका, तीन-चार महिन्यांत काम होतं. ते जमलं नाही तर न्यू जर्सीच्या चुलतभावाचा पत्ता देऊन फाइल 'फास्ट' सेंटरला लावा. मुलाखतीसाठी मुंबई टाळा, सोपा देश निवडा. आणि सगळ्यात झटपट म्हणजे टुरिस्ट व्हिसावर जा, तिथेच ग्रीन कार्डचा अर्ज करा. शेवटी 'खात्रीशीर माहिती, पुढे पाठवा' असतंच.

थेट वकिलातीत अर्ज करण्याचा मुद्दा एके काळी खरा होता, म्हणून तो मरत नाही. ज्या देशांत अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचं, म्हणजे युएससीआयएसचं कार्यालय होतं, तिथे राहणारे अमेरिकन नागरिक जोडीदारासाठी आय-१३०, म्हणजे नातं मान्य करून घेण्याचा पहिला अर्ज, तिथल्या तिथे देत आणि काम खरंच लवकर होई. ही नेहमीची सोय ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. त्यानंतर वकिलाती असे अर्ज फक्त अपवाद म्हणून घेतात: गंभीर आजारपण, जिवाला धोका, सैन्यातली तातडीची रवानगी, किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या नागरिकाची अगदी ऐन वेळी अमेरिकेत झालेली बदली. आपल्या लोकांच्या कामाचं यातलं बदलीचंच कारण. पण त्यासाठी कंपनीचं पत्र लागतं आणि मुदत खरोखरच कमी असावी लागते. घ्यायचं की नाही हे वकिलात ठरवते. 'आम्हाला वेगळं राहायचं नाही' एवढं पुरत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना तर हा दरवाजा मुळातच नाही, तो नागरिकांसाठी आहे.

बाकी सगळ्यांनी आय-१३० ऑनलाइन भरायचा. जगात कुठेही बसून भरता येतो. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे ऑनलाइन फी ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५. म्हणजे 'कुठून भरायचा' हा प्रश्न या टप्प्यावर जवळपास उरतच नाही.

चुलतभावाच्या पत्त्याचं तर सोडूनच द्या. फाइल कोणत्या सेंटरने तपासायची हे युएससीआयएस कामाच्या भाराप्रमाणे ठरवते आणि मध्येच दुसरीकडेही पाठवते. टपाल भावाकडे मागवायला हरकत नाही, फॉर्मवर त्यासाठी वेगळी जागाच आहे. पण जिथे राहत नाही तो राहण्याचा पत्ता म्हणून लिहिणं म्हणजे सहीनिशी खोटं बोलणं. बरं, पुढे त्याच फाइलमध्ये तुमचा दुबईचा भाडेकरार आणि पगाराच्या स्लिपा जाणार असतात!

आता मुलाखत. निवड करायची असेल तर ती खरी इथे आहे आणि मेसेज नेमका इथेच गंडवतो. आय-१३० मंजूर झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागदपत्रं गोळा करणाऱ्या अमेरिकन सरकारी कार्यालयाकडे जाते. तिथे दोन फिया, डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा फॉर्म आणि कागदपत्रं झाली की मुलाखतीची तारीख लागते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम स्पष्ट आहे: मुलाखत जोडीदार राहतो त्या देशासाठी नेमलेल्या वकिलातीत, किंवा मागणी केल्यास त्याच्या नागरिकत्वाच्या देशात. अपवाद थोडे. म्हणजे दुबईत राहणाऱ्या भारतीय बायकोपुढे दोनच पर्याय: अबूधाबी किंवा भारत. दुबईत वकिलात असली तरी इमिग्रंट व्हिसाची मुलाखत अबूधाबीच्या दूतावासात होते. 'बँकॉकला लवकर तारीख मिळते' वगैरे विसरा.

या दोनांत काय घ्यायचं? मी तरी आधी नोकरीकडे बघेन. आखातातला रहिवास नोकरीला बांधलेला आणि ही सगळी प्रक्रिया वर्ष-दीड वर्ष सहज खाते. मध्ये नोकरी गेली, रहिवास रद्द झाला, तर 'राहतो तो देश' हा आधारच जातो आणि केस भारतात हलवायला लागते. त्यासाठी नॅशनल व्हिसा सेंटरलाच कळवायचं, मुलाखतीची तारीख लागली असली तरी; वकिलातीला नाही. नोकरी डळमळीत असेल तर मुंबईच घ्या. (केस नंबरची पहिली तीन अक्षरं सहसा मुलाखतीचं ठिकाण सांगतात. मुंबईची अजूनही बीएमबी आहेत. शहराचं नाव बदलून तीस वर्षं झाली, फाइलला त्याचा पत्ता नाही.)

'मुंबईत फार नाकारतात' यालाही आधार नाही. कायदा सगळीकडे एकच आहे. होतं असं की एखादा कागद कमी असला की २२१(जी) चा, म्हणजे 'कागदपत्रं अपुरी' असं सांगणारा कागद हातात पडतो आणि माणूस घरी फोन करून 'नाकारलं' म्हणतो. तांत्रिकदृष्ट्या तो नकारच, पण वर्षभरात मागितलेला कागद दिला की केस पुढे सरकते.

मुंबई टाळून पोलिस दाखल्याचा व्याप वाचतो, हाही गैरसमज. यूएईत सध्या सहा महिन्यांहून जास्त राहत असाल किंवा पूर्वी वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर तिथला दाखला मुलाखत कुठेही असली तरी लागतो, आणि भारतात वाढलेल्या माणसाला भारताचाही लागतोच. मुलाखत मुंबईत असेल तर यूएईचा दाखला तिथून निघण्याआधी हातात घ्या. वैद्यकीय तपासणी मात्र मुलाखतीच्या देशातल्या नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, त्यामुळे विमानाची तिकिटं तो हिशेब धरून काढा.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन ग्रीन कार्डचा अर्ज करण्याचा सल्ला सगळ्यात धोकादायक. नागरिकाच्या जोडीदाराला अमेरिकेत राहून तसा अर्ज करता येतो हे खरं. पण विमानतळावरच्या अधिकाऱ्याला 'दोन आठवडे फिरायला आलेय' सांगायचं आणि मनात कायमचं राहायचं असायचं, हे खोटं ठरलं तर कायमची प्रवेशबंदी लागू शकते. ती उठवायला वेगळा अर्ज, वेगळी कारणं, पुन्हा थांबणं. शिवाय अर्ज चालू असताना प्रवासाची परवानगी न घेता देश सोडला, तर बहुतेकांचा अर्ज सोडून दिला असं धरतात. सासरे आजारी पडले तरी पुण्याला जाता येत नाही.

आणि ज्याने अशी जोडपी खरोखर अडकतात, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही. तो म्हणजे स्पॉन्सरचा डॉमिसाइल. आय-८६४ या हमीपत्रावर सही करणाऱ्या नागरिकाचं घर अमेरिकेत असायला हवं, किंवा तो परत तिथे बस्तान बसवतोय हे दाखवावं लागतं: नोकरीची ऑफर, भाड्याने घेतलेलं घर, मुलांचा शाळाप्रवेश, बँक खातं, मतदार नोंदणी. दहा वर्षं दुबईत काढलेल्या माणसाला हे मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात गोळा होत नाही. दुबईचा पगारही, तीच नोकरी अमेरिकेत गेल्यावर चालू राहणार नसेल, तर उत्पन्न म्हणून धरत नाहीत. मग बचत दाखवा किंवा अमेरिकेतला सह-स्पॉन्सर शोधा. चुलतभावाचा उपयोग झालाच तर इथे आहे. पण सह-स्पॉन्सर मिळाला म्हणून डॉमिसाइलची अट सुटत नाही. आय-१३० भरणाऱ्या नागरिकाने जोडीदाराच्या आधी किंवा त्याच्यासोबत अमेरिकेत बस्तान हलवायला हवं. 'तू हो पुढे, मी प्रोजेक्ट संपवून येतो' हे चालत नाही.